सचिनचा त्रिफळा उडवणारा रग्बीपटू

लेखमाला : एक खेळाडू, दोन खेळ (भाग पाचवा)

२३ फेब्रुवारी २००३. दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्गच्या मैदानावर भारत आणि नामिबिया यांचा विश्वचषकातला सामना सुरू होता. सचिन तेंडुलकर आणि सौरव गांगुली यांनी नामिबियाच्या गोलंदाजांना पार दमवलं होतं. दोघांची भागीदारी २४४ धावांची झाली. अखेर सचिन १५२ वर असताना एका मध्यमगती गोलंदाजानं त्याचा त्रिफळा उडवला. त्या डावात भारताचे दोनच गडी बाद झाले आणि दोन्ही याच गोलंदाजाने घेतले. पहिला होता वीरेंद्र सेहवाग. भारतानं ३११ धावा केल्या, नामिबियाचा डाव १३० धावांत आटोपला. सचिनचे दीडशे आणि गांगुलीचं शतक सगळ्यांच्या लक्षात राहिलं. गोलंदाजाचं नाव कोणी फारसं लक्षात ठेवलं नाही.

त्याचं नाव रूडी व्हॅन व्ह्यूरेन. व्यवसायानं डॉक्टर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा विश्वचषकाला गेला, या वेळी ऑस्ट्रेलियात आणि तोही रग्बीच्या. एकाच वर्षात क्रिकेट आणि रग्बी या दोन्ही खेळांच्या विश्वचषकात देशाकडून मैदानात उतरलेला तो जगातला पहिला खेळाडू.

गेल्या भागात आपण मद्रासच्या एम. जे. गोपालन यांची गोष्ट पाहिली. ध्यानचंद यांच्याबरोबर हॉकी खेळलेल्या या माणसाला १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिक आणि क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा यांतून एकच काहीतरी निवडावं लागलं. त्यांनी क्रिकेट निवडलं. तिथे एकही कसोटी वाट्याला आली नाही आणि इकडे हॉकीचं सुवर्णपदकही हुकलं. गोपालन यांना जे जमवता आलं नाही ते व्हॅन व्ह्यूरेनला कसं जमलं? आजच्या भागात ते पाहू. माझ्या मते याचं उत्तर खेळाडूच्या अंगच्या गुणांत जेवढं आहे, त्याहून जास्त वर्षाच्या वेळापत्रकात आणि पोटापाण्याच्या व्यवस्थेत आहे.

आधी रग्बी म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण आपल्या दोडामार्ग तालुक्यात हा खेळ कोणी खेळत नाही. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू, ऐंशी मिनिटांचा सामना आणि लांबट अंडाकृती चेंडू. चेंडू हातात घेऊन पळता येतं. पण हातानं चेंडू द्यायचा तर तो बाजूला किंवा मागेच द्यायचा, पुढे टाकायचा नाही. पुढे न्यायचा असेल तर लाथाडायचा किंवा स्वतः घेऊन धावायचं. धावणाऱ्याला समोरच्यांनी पकडून खाली पाडायचं. त्यातून सुटून प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण. मग चेंडू लाथाडून खांबांच्या मधून आडव्या दांडीवरून घालवला की आणखी दोन.

कबड्डी खेळलेल्याला हे समजायला वेळ लागणार नाही. चढाईपटू मधल्या रेषेकडे झेप घेतो. एकानं त्याचा घोटा धरलेला असतो, दुसरा पाठीवर असतो, तिसरा कमरेला लोंबकळतो आणि तरी त्याची बोटं रेषेकडे सरकत असतात. रग्बीतला गुण अगदी असाच मिळतो. फरक एवढाच, की इथे पकडणारा वीस-पंचवीस मीटरवरून धावत येऊन आदळतो. त्यामुळे खांदा, गळ्याचं हाड, गुडघा आणि बोटं कायम धोक्यात असतात. आणि गोलंदाजाचा सारा संसार असतो त्याच्या खांद्यावर. म्हणूनच रग्बी खेळणारा गोलंदाज ही गोष्ट सोपी नाही. व्हॅन व्ह्यूरेन रग्बीत ‘फ्लाय-हाफ’ या जागी खेळायचा. चेंडू बाहेर आला की लाथाडायचा, पळवायचा की पुढच्याला द्यायचा, याचा निर्णय क्षणभरात या खेळाडूला घ्यावा लागतो. समोरचे पहिली धाड घालतात तीही त्याच्यावरच.

एकाच माणसानं हे दोन्ही खेळ खेळणं ही इंग्लंडची जुनी रीत. अँड्र्यू स्टॉडार्ट आणि ए. एन. हॉर्नबी या दोघांनी तर इंग्लंडचं कर्णधारपद दोन्ही खेळांत सांभाळलं. स्टॉडार्ट १८८७-८८ च्या हिवाळ्यात क्रिकेट संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला, क्रिकेट संपल्यावर घरी न परतता तिथेच थांबला आणि मागून आलेल्या ब्रिटिश रग्बी संघात सामील झाला. त्या संघाचा कर्णधार नदीत बुडून गेल्यावर उरलेल्या दौऱ्याचं नेतृत्वही त्याच्याकडे आलं.

ज्या क्रिकेट संघाबरोबर स्टॉडार्ट गेला होता, त्या संघाला नाव होतं जॉर्ज व्हर्नन याचं. आणि हा व्हर्नन आपल्या मुंबईच्या इतिहासातला माणूस आहे. इंग्लंडकडून तो रग्बीचे पाच आंतरराष्ट्रीय सामने आणि क्रिकेटची एक कसोटी खेळला. १८८९-९० साली भारताच्या दौऱ्यावर आलेल्या पहिल्या इंग्लिश क्रिकेट संघाचा कर्णधार तोच. त्या दौऱ्यात हा संघ एकदाच हरला, आणि तोही मुंबईत. जानेवारी १८९० च्या अखेरीस मुंबई जिमखान्याच्या मैदानावर पारशी संघानं चार गडी राखून त्याला हरवलं. डॉ. मेहेल्लाशा पावरी यांनी दुसऱ्या डावात ३४ धावांत ७ बळी घेतले आणि इंग्रजांचा डाव ६१ धावांत गुंडाळला. ज्या जिमखान्यात गोऱ्यांखेरीज कुणाला सभासद होता येत नव्हतं, त्याच जिमखान्याच्या मैदानावर एका हिंदुस्थानी संघानं हा विजय मिळवला. हिंदुस्थानी क्रिकेटच्या आत्मविश्वासाची सुरुवात मी तरी या सामन्यापासून धरतो. व्हर्नन पुढे १९०२ साली पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानात, तापानं वारला.

व्हर्नन काही मोठा क्रिकेटपटू नव्हता. मग दोन खेळांत देशाकडून खेळणं त्याला कसं जमलं? इंग्लंडमध्ये क्रिकेट उन्हाळ्यात आणि रग्बी हिवाळ्यात. एकाचा हंगाम संपला की दुसऱ्याचा सुरू. शिवाय व्हर्ननसारख्यांना खेळावर पोट भरायचं नव्हतं. सहा-सहा महिने बोटीनं दौरे करत फिरायला मोकळा वेळ लागतो, आणि तो ज्याच्या घरी पैसा त्याच्याकडेच असतो. १८९० च्या दशकात आपल्या पुण्यात पाळवणकर बाळू गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर काम करत होते आणि कॅप्टन ग्रेगना तासन् तास गोलंदाजी करत होते. क्लबात त्यांना फलंदाजी मिळत नव्हती. बाळूंच्या अंगात किती खेळ होते हे कोण सांगणार? दोन खेळ खेळण्याची मुभा कुणाला होती आणि कुणाला नव्हती हे विसरून या जुन्या इंग्रज खेळाडूंचं कौतुक करणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

क्रिकेट इथे रुजलं. गोव्यात फुटबॉल रुजला. १८८३ साली शिवोलीत फादर विल्यम लायन्स यांनी तो सुरू केल्याचं सांगतात. रग्बीला मात्र आपल्याकडे मोठा जम बसवता आला नाही. कलकत्त्याच्या गोऱ्यांनी १८७३ साली रग्बीचा क्लब काढला आणि पाच वर्षांत तो गुंडाळावा लागला. बँकेत उरलेले चांदीचे रुपये त्यांनी काढले, ते वितळवून एक चषक घडवला आणि इंग्लंडला पाठवून दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी ‘कलकत्ता कप’साठी रग्बी खेळतात. तो चषक आपल्या रुपयांचा आहे.

हा क्लब बुडण्यामागे जमीन आणि हवा ही कारणंही होती. धाडकन अंग टाकायचं तर जमीन मऊ, ओली लागते. तापलेल्या कडक मातीवर हा खेळ खेळला तर हाडं शाबूत राहायची नाहीत. मुंबईच्या लोकांनी यावर आपला तोडगा काढला. तिथे रग्बी पावसाळ्यात खेळतात. ज्या मुंबई जिमखान्यावर १९३३ साली भारतातली पहिली कसोटी झाली, त्याच मैदानावर जून-जुलैच्या चिखलात रग्बीचे सामने होतात. पाऊस सरला, जमीन वाळली की पुन्हा क्रिकेटची खेळपट्टी.

आपल्या दोडामार्गातही ऋतूच खेळ ठरवतो. मृगापासून मळ्यात भात उभं. अशा दिवसांत कुठे मोकळा तुकडा मिळाला तर पोरं पावसात फुटबॉल खेळतात. डिचोली, म्हापसा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गोव्याची ही आवड इकडेही झिरपली आहे. कापणी झाली, मळे सुकले की साटेली-भेडशी असो, मणेरी असो की माटणे, जिथे तिथे बांध ओलांडून सीमारेषा आखल्या जातात आणि टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. जत्रांच्या दिवसांत कबड्डीचे सामने. एकच पोरगा जुलैत चिखलात गोल करतो, डिसेंबरात पकड करतो आणि एप्रिलमध्ये षटकार मारतो. यात आपल्याला विशेष काही वाटत नाही. पण जगातले बहुतेक दुहेरी आंतरराष्ट्रीय खेळाडू अशाच ऋतूंच्या वाटणीतून घडले.

न्यूझीलंडमध्ये ही परंपरा अधिक खोल रुजली. एरिक टिंडिल यष्टीरक्षक म्हणून पाच कसोट्या खेळला आणि त्याआधी १९३६ साली इंग्लंडविरुद्ध रग्बीची कसोटीही खेळला. पुढे तो क्रिकेट कसोटीत पंच झाला आणि रग्बी कसोटीतही पंच झाला. हे चारही मान एकट्याच्या नावावर. १९३७ साली अ‍ॅडलेडला डॉन ब्रॅडमनचा ११ धावांवर झेल टिपला तोही त्यानंच, आणि न्यूझीलंडच्या संघाविरुद्ध ब्रॅडमनचा तो एकमेव डाव ठरला. टिंडिल २०१० साली वारला तेव्हा ९९ वर्षांचा होता.

इंग्लंडची परंपरा ज्याच्यापाशी येऊन थांबली, तो माईक स्मिथ मराठी वाचकाला वेगळ्या कारणानं जवळचा वाटेल. चष्मा लावून खेळणारा हा ऑक्सफर्डचा पदवीधर जानेवारी १९५६ मध्ये ट्विकनहॅमला वेल्सविरुद्ध रग्बीचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. इंग्लंड ८-३ असं हरलं. ऑक्सफर्डच्या संघात ज्याच्याशी त्याची जोडी जमली होती, तो ऑन्लविन ब्रेस त्या दिवशी वेल्सकडून त्याच्यासमोर उभा होता. स्मिथला रग्बीची पुन्हा संधी मिळाली नाही. क्रिकेटमध्ये मात्र तो ५० कसोट्या खेळला आणि त्यांतल्या २५ मध्ये कर्णधार होता. फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभं राहून झेल घेण्यात त्याचा हातखंडा होता.

हाच स्मिथ १९६३-६४ साली इंग्लंडचा संघ घेऊन भारतात आला. मद्रासच्या पहिल्या कसोटीत नाशिकच्या बापू नाडकर्णींनी त्याच्या फलंदाजांची जी कोंडी केली ती जगाच्या पाठीवर पुन्हा कुणाला जमलेली नाही. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. त्यात सलग २१ षटकं निर्धाव. बळी एकही नाही, पण त्या २१ षटकांत धावही नाही. त्याच मालिकेत कानपूरला बापूंनी ५२ आणि १२२ धावा केल्या, आणि दोन्ही डावांत ते नाबाद राहिले. मुंबईच्या ब्रेबॉर्नवरच्या कसोटीत इंग्लंडच्या संघात आजारपणं आणि दुखापती इतक्या, की अकरा माणसं जमवण्यासाठी स्मिथला दोन यष्टीरक्षक खेळवावे लागले. पाचही कसोट्या अनिर्णित सुटल्या. त्या मालिकेला कंटाळवाणी म्हणायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. निम्मा संघ अंथरुणाला खिळलेला असताना परक्या देशात एकही कसोटी न हरता परतणं हे कर्णधाराचं मोठंच काम. रग्बीच्या मैदानावर आदळून उठण्याची सवय तिथे उपयोगी पडली असेल असं मला वाटतं. इंग्लंडकडून रग्बी आणि कसोटी क्रिकेट असं दोन्ही खेळलेला स्मिथ हा शेवटचा खेळाडू. साठ वर्षं उलटली, दुसरा झालेला नाही.

का झाला नाही, हे जेफ विल्सनच्या उदाहरणावरून नीट कळतं. न्यूझीलंडचा हा मुलगा मार्च १९९३ मध्ये, अवघ्या १९ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकदिवसीय क्रिकेट खेळला. हॅमिल्टनच्या सामन्यात त्यानं २८ चेंडूंत नाबाद ४४ धावा करून देशाला सामना जिंकून दिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यानं स्कॉटलंडविरुद्ध रग्बीत पदार्पण केलं आणि पहिल्याच सामन्यात तीनदा चेंडू रेषेपलीकडे टेकवला. दोन्ही खेळ त्याला सारखेच वश होते. मग १९९५ साल उजाडलं. तोवर रग्बी युनियन हा हौशी खेळ होता, निदान कागदोपत्री. त्या वर्षी ऑगस्टमध्ये खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला परवानगी मिळाली. पगार आला, करार आले आणि बारा महिन्यांचा सरावही मागोमाग आला. विल्सन रग्बीच्या ६० कसोट्या खेळला आणि क्रिकेट मागे पडलं. रग्बी सोडल्यावर तो पुन्हा क्रिकेटकडे वळला आणि २००५ साली, बारा वर्षांच्या खंडानंतर, न्यूझीलंडकडून खेळला. पुरुषांचा पहिला आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामना ऑकलंडला झाला, त्या संघातही तो होता. पण मधली बारा वर्षं गेली ती गेलीच. पगार मिळू लागला हे चांगलंच झालं. बाळूंसारख्याला तो मिळायला हवा होता. मात्र ज्यानं पगार दिला त्यानं खेळाडूचं सबंध वर्ष मागून घेतलं.

आता पुन्हा व्हॅन व्ह्यूरेनकडे येऊ. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती. त्याच सुमारास सबंध नामिबियाची लोकसंख्या १८ लाखांच्या आसपास होती. म्हणजे आपल्यासारखे दोन जिल्हे. एवढ्या लोकसंख्येतून क्रिकेटचा एक संघ आणि रग्बीचा एक संघ जागतिक स्पर्धेला पाठवायचा. पगारी खेळाडू जवळपास नाहीतच; कुणी शिकवतो, कुणी शेती करतो, हा रुग्ण तपासतो. ज्याला दोन्ही खेळ येतात त्याला दोन्हीकडे बोलावण्यावाचून देशालाही गत्यंतर नव्हतं. शिवाय २००३ साली क्रिकेटचा विश्वचषक फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि रग्बीचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होता. वेळापत्रकानं वाट मोकळी ठेवली होती.

त्या वर्षानं या माणसाला काय काय दाखवलं पाहा. १९ फेब्रुवारीला पोर्ट एलिझाबेथला इंग्लंडविरुद्ध त्यानं ४३ धावांत ५ बळी घेतले. इंग्लंड २७२ वर बाद झालं आणि नामिबियानं २१७ पर्यंत मजल मारली. हरले, पण इंग्लंडला घाम फोडून हरले. चार दिवसांनी सचिनचा त्रिफळा. आणखी चार दिवसांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध डॅरेन लेहमननं डावाच्या शेवटच्या षटकात त्याला २८ धावा चोपल्या. ऑस्ट्रेलियानं ३०१ केल्या. ग्लेन मॅकग्रानं १५ धावांत ७ बळी घेतले आणि नामिबिया ४५ धावांत बाद.

मग रग्बी. पुन्हा समोर ऑस्ट्रेलिया. २५ ऑक्टोबरला अ‍ॅडलेडला नामिबियाची हार झाली १४२ विरुद्ध शून्य अशी. आठ महिन्यांत एकाच देशाकडून दोन खेळांत असा दारुण पराभव. व्हॅन व्ह्यूरेन दुखापतीमुळे बाहेर होता. रुमानियाविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. तोही सामना नामिबियानं ३७-७ असा गमावला. रग्बीच्या विश्वचषकातला त्याचा वाटा एवढाच.

आकडे बघून कुणी म्हणेल, यात एवढं काय आहे? माझं मत सरळ आहे. हरणार हे ठाऊक असताना, दवाखान्यातून रजा काढून, दुखरं अंग घेऊन दोनदा जगासमोर उभं राहणं हे कर्तृत्वच आहे. आपण गावागावांतून याच हिमतीचं कौतुक करतो. व्हॅन व्ह्यूरेनचं पुढचं आयुष्यही त्याच वळणाचं. पत्नी मार्लिस हिच्यासह त्यानं जखमी आणि अनाथ वन्यप्राण्यांसाठी अभयारण्य उभारलं आणि तिथल्या आदिवासी सान लोकांसाठी दवाखाना चालवला. पुढे तो नामिबियाच्या क्रिकेट संघटनेचा अध्यक्ष झाला. तो अध्यक्ष असतानाच ऑक्टोबर २०२१ मध्ये शारजाला नामिबियानं आयर्लंडला हरवून ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या मुख्य फेरीत धडक मारली.

आज असा खेळाडू पुन्हा होईल का? मोठ्या देशांत पुरुषांच्या खेळात मला तरी ते अवघड दिसतं. क्रिकेटचं वर्ष आता बारा महिन्यांचं झालंय आणि रग्बीचंही. मुलींच्या खेळात ही वाट अलीकडेपर्यंत खुली होती असं काही नावांवरून दिसतं. ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी सोळाव्या वर्षी क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हींत देशाकडून खेळली. आपली मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज क्रिकेटबरोबर महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील संघातून हॉकी खेळली. त्यांच्याविषयी पुढच्या भागात.

तोवर दोडामार्ग तालुक्यातल्या पालकांना आणि शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती. सातवी-आठवीतल्या मुलाला ‘आता एकच खेळ धर’ म्हणून अडवू नका. आपल्याकडे अजून पावसाळ्याचा खेळ वेगळा आहे आणि उन्हाळ्याचा वेगळा, आणि ज्याला दोन्ही येतात त्याला दोन्ही खेळू द्या. आणि तालुक्यातल्या कुणी, मुलगा असो वा मुलगी, दोन वेगळ्या खेळांत जिल्ह्याकडून प्रतिनिधित्व केलं असेल, तर ते आम्हाला जरूर कळवा. लेखमालेचा शेवटचा भाग अशा खेळाडूंसाठी राखून ठेवला आहे.